इंद्रायणीचे बियाणे आणि बिनकुलपाचे खेळ

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली भाताचा एक नवा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. आयआर-८ आणि आंबेमोहर १५७ यांच्या संकरातून, पिढ्यामागून पिढ्या निवड करत तो स्थिर केलेला होता. आयआर-८ हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आणलेला बुटका वाण. तो खत दिले तर भरभरून पिके आणि ओंबीच्या भाराने लोळत नसे. आंबेमोहर इथल्या मातीतला, शिजताना घरभर वास सुटणारा, पण उंच वाढणारा, वाऱ्यापावसात आडवा होणारा आणि उत्पन्नाला कमी. दोघांचे गुण एकत्र आणणाऱ्या या वाणाला लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणाऱ्या नदीचे नाव मिळाले : इंद्रायणी. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत तो रुजला आणि तालुक्याची ओळख बनला. त्याच्या गुणांची चर्चा खूप होते. तो कोणत्या अटींवर विकला गेला, याची फारशी होत नाही. अट अशी कोणतीच नव्हती. बियाण्याची पिशवी विकत घेणाऱ्याने ते पेरावे, पीक आल्यावर त्यातलेच पुढच्या वर्षासाठी राखावे, भावकीत द्यावे, पलीकडच्या गावच्या सोयऱ्याला द्यावे, यातल्या कशालाही विकणाऱ्याची परवानगी लागत नव्हती. ज्याची नक्कल सहज होते अशी वस्तू विकताना तिला कुलूप घालावेच लागते, हा आज संगणकावरच्या खेळांच्या व्यापारात जवळजवळ गृहीत धरला गेलेला सिद्धांत आहे. मावळच्या भाताचा इतिहास या सिद्धांताच्या विरुद्ध साक्ष देतो. ती साक्ष नीट तपासली, तर व्हिडिओ गेम विकत घेताना ते बिनकुलपाचेच का मागावेत, याचे उत्तर त्यातून मिळते.

भात हे स्वपरागसिंचित पीक आहे. फुलातला परागकण बहुतेक वेळा त्याच फुलात काम करतो, म्हणून सरळ वाणाचे दाणे पेरले तर पुढचे पीक आईबापांसारखेच येते. निसर्गाने दिलेली ही नक्कल करण्याची सोय मावळच्या शेतकऱ्याने शेकडो वर्षे वापरली. कापणीच्या वेळी खाचरातला चांगला, निर्मळ तुकडा हेरायचा, त्याचे भात वेगळे झोडायचे, वाळवून कणगीत किंवा वेगळ्या पोत्यात ठेवायचे आणि पुढच्या वर्षी राब भाजून झालेल्या जागेत पहिल्या पावसाच्या तोंडावर टाकायचे, ही रीत होती. मात्र या रीतीचे चित्र सोन्याचे करून चालणार नाही. ज्याच्या घरी बियाणे उरले नाही, त्याला सावकाराच्या दारी जावे लागे, आणि घेतलेले धान्य सुगीला वाढीदिढीने परत करावे लागे. बियाणे संपले की माणूस बांधला जातो, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात, ज्या रयतेकडे बैल किंवा दाणे नाहीत तिला ते द्यावेत आणि पुढे ती सावरेल तसे व्याजाविना मुद्दल तेवढे घ्यावे, अशा आशयाची आज्ञा आहे. या व्यवस्थेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सावकाराचा हक्क उसन्या धान्यावर होता, व्याजावर होता, कधीकधी जमिनीवरही होता. पण एकदा देणे फिटले की शेतकऱ्याच्या घरातल्या दाण्यातून पुढे काय उगवावे, यावर त्याचा कोणताच दावा नसे. ज्याच्या घरात बी, तो मोकळा, ही या मुलखाची जुनी समजूत होती.

इंद्रायणीच्या पैदाशीमागे सरकारी पैसा होता. वडगावचे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, विद्यापीठ १९६८ चे, आणि तिथले संशोधक पगारी. तरीही बियाणे फुकट वाटले गेले नाही. ते विकलेच गेले. बियाण्याच्या व्यवहारात पायऱ्या असतात. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित, अशी शुद्धतेची साखळी राखली जाते, आणि १९७६ मध्ये अकोल्यात स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, असे बियाणे राज्यभर पोहोचवते. घरचे बियाणे वापरण्याची पूर्ण मोकळीक असताना शेतकरी पुन्हा पिशवी विकत का घेतो? कारण चार-दोन हंगामांत घरच्या बियाण्यात भेसळ शिरते. शेजारच्या खाचरातले दाणे खळ्यावर मिसळतात, आदल्या वर्षीचे सांडलेले भात उगवते, उगवणशक्ती घटते. म्हणून दर तीन वर्षांनी बियाणे बदलावे असा सल्ला दिला जातो. मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकण्याची कृतीही कृषी खाते उघडपणे शिकवते. म्हणजे घरचेच बियाणे अधिक चांगले कसे करावे, हे विकणारी यंत्रणाच सांगते. शेतकरी परत येतो तो शुद्धतेची आणि उगवणीची हमी घ्यायला. कुलूप नसतानाही दुसऱ्यांदा खरेदी होते, ती तिसऱ्यांदाही होते. विक्रेत्याला मिळणारा पैसा ग्राहकाला अडवून ठेवल्याचा नसतो; घरी करता न येणाऱ्या कामाचा तो मोबदला असतो.

कुलूप घालण्याची कल्पना बियाण्याच्या व्यापारालाही सुचली होती. तिचे सौम्य रूप म्हणजे संकरित वाण. दोन वेगळ्या वाणांच्या पहिल्या पिढीत जोम असतो, पण तिचे दाणे पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. हा जोम खरा असतो आणि अनेक पिकांत त्याने उत्पन्न वाढवले, हे मान्यच केले पाहिजे. पण तोच जोम विक्रेत्याचे कुलूपही होतो. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस जवळजवळ पूर्णपणे संकरित रूपात विकला गेला, आणि विदर्भ-मराठवाड्यातला कापूसकरी दर हंगामाला दुकानावर अवलंबून झाला. कठोर रूप मार्च १९९८ मध्ये पुढे आले. अमेरिकेतील डेल्टा अँड पाइन लँड ही कंपनी आणि तिथले कृषी खाते यांना एका तंत्राचे पेटंट मिळाले. या तंत्राने पिकाचे दाणे खायला चांगले, पण पेरले तर न उगवणारे करता येणार होते. जगभर त्याला ‘टर्मिनेटर’ असे नाव पडले. जैविक सुरक्षेपेक्षाही त्यामागचा हेतू लोकांना खुपला : चोराला पकडण्याऐवजी प्रत्येक दाणाच वांझ करायचा. भारतासह अनेक देशांत विरोध झाला, मोन्सँटो या बियाणे कंपनीने १९९९ मध्ये हे तंत्र बाजारात न आणण्याचे जाहीर केले, आणि २००० साली जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी त्याच्या वापराला व्यवहारात विराम दिला.

भारताने या अनुभवातून २००१ मध्ये जो कायदा केला, तो आपल्या विषयासाठी फार मोलाचा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा पैदासकाराला हक्क देतो. त्याने नवा वाण नोंदवला की शेतपिकांच्या बाबतीत १५ वर्षांपर्यंत त्या वाणाच्या व्यापारी विक्रीवर त्याचा अधिकार राहतो. पण त्याच कायद्याचे कलम ३९ सांगते की शेतकऱ्याला नोंदणीकृत वाणाचेसुद्धा बियाणे राखता, पेरता, पुन्हा पेरता, अदलाबदल करता, वाटता आणि विकता येते. फक्त ते पिशवीवर ब्रँडचे नाव घालून विकता येत नाही. कलम २९ टर्मिनेटरसारखे तंत्र असलेल्या वाणाला नोंदणीच नाकारते. म्हणजे निर्मात्याचा मोबदला कायद्याने राखायचा आणि वस्तूच्या आत कुलूप घालू द्यायचे नाही, असा तोल संसदेने विचारपूर्वक साधला. हा तोल कागदावरच राहिला नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणाची लागवड केल्याबद्दल गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. पुढे त्या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. नोंदणीचा वाद वेगळा आहे. शेतकऱ्याला त्याच्याच शेतातल्या दाण्यावरून कोर्टात खेचणे समाजाला मान्य नव्हते, हे मात्र त्या प्रकरणात स्पष्ट झाले.

आता खेळांकडे वळू. महाराष्ट्रातल्या शहरी-निमशहरी घरांत १९९० च्या दशकात जो ‘टीव्ही गेम’ आला, त्याची कॅसेट म्हणजे प्लास्टिकच्या खोक्यातली एक चकती नव्हे, चिप होती. ती यंत्रात खोचली की खेळ सुरू. ती मित्राला देता येई, बदली दुसरी घेता येई, कंटाळा आला की दुकानदाराला परत विकता येई. त्यातल्या बहुतेक कॅसेटी परदेशी खेळांच्या बेकायदा नकला होत्या, आणि मूळ निर्मात्यांना त्यातून छदामही मिळत नसे, हे विसरता येणार नाही. पुढे सीडी आल्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत नकलेचा धंदा आणखी फोफावला. निर्मात्यांनी याला तोंड दिले ते कुलपांनी. सुरुवातीला खेळाबरोबरच्या पुस्तिकेतला अमुक पानावरचा शब्द टाइप करा, अशी साधी खूण विचारली जाई. मग मूळ सीडी यंत्रात असल्याशिवाय खेळ सुरू होईना. त्यानंतर इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे परवानगी मागणारे सॉफ्टवेअर आले, आणि शेवटी खेळाच्या पूर्ण वेळात जोडणी चालू असलीच पाहिजे अशी अट आली. प्रत्येक टप्प्यावर कुलूप नकलेच्या दुकानापासून दूर आणि पैसे मोजणाऱ्याच्या घराच्या अधिक आत सरकत गेले. ज्या खोऱ्यांत पावसाळ्याचे चार महिने वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा धरता येत नाही, तिथल्या ग्राहकासाठी या शेवटच्या अटीचा अर्थ सरळ आहे : पैसे दिले आहेत, खेळ संगणकात आहे, आणि तरी तो खेळता येत नाही.

ही कुलपे आपले काम तरी करतात का? २००८ मध्ये ‘स्पोअर’ हा बहुचर्चित खेळ तीनच संगणकांवर चालू करण्याच्या मर्यादेसह बाजारात आला. कुलूप तोडलेली प्रत लगेच सर्वत्र मिळू लागली आणि त्या वर्षी सर्वाधिक चोरून उतरवल्या गेलेल्या खेळांत त्याची गणना झाली. चोरून घेणाऱ्याला कुलूप दिसलेच नाही. ते दिसले प्रामाणिक ग्राहकाला, ज्याने संगणक बदलला की मोजणी सुरू होत होती. त्याहून गंभीर उदाहरण अलीकडचे आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला. तो एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण किंमत मोजून खेळ घेतला होता त्यांच्याही हाती काही उरले नाही. या घटनेनंतर युरोपात, विकलेले खेळ असे मारून टाकू नयेत, या मागणीच्या निवेदनावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२५ च्या आरंभापासून, ग्राहकाला फक्त रद्द होऊ शकणारा परवाना मिळत असेल तर ते खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावे, असे बंधन विक्रेत्यांवर घातले. विकल्यानंतरही वस्तू बंद पाडण्याची ताकद विक्रेत्याच्या हाती ठेवणारे हे तंत्र टर्मिनेटरच्याच जातीचे आहे, फक्त इथे दाण्याऐवजी खेळ वांझ होतो.

दुसरी वाट अस्तित्वात आहे आणि ती स्वप्नाळू लोकांनी नव्हे, व्यापाऱ्यांनी पाडलेली आहे. सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ मध्ये पोलंडमध्ये सुरू झाली, जिथे तेव्हा नकली सीडींचा बाजार आपल्यासारखाच उघड होता. तिने नकलेशी स्पर्धा केली ती पोलिश भाषेतले रूपांतर, चांगली छपाई, नकाशे-पुस्तिका आणि परवडणारी किंमत यांनी. २००८ मध्ये याच कंपनीने ‘गुड ओल्ड गेम्स’, आताचे ‘जीओजी’, हे दुकान काढले. तिथून घेतलेल्या खेळाची फाइल ग्राहक आपल्या संगणकावर उतरवून घेतो, हवी तर डिस्कवर साठवतो, आणि दुकान उद्या बंद झाले तरी ती चालते. २०१५ मध्ये कंपनीने आपला स्वतःचा ‘द विचर ३’ हा अवाढव्य खर्चाचा खेळ तिथे पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा विकला. म्हणजे नक्कल करायची असेल त्याला पहिल्याच दिवशी निर्धोक प्रत उपलब्ध होती. तरीही २०२३ पर्यंत त्या खेळाच्या सर्व माध्यमांतून मिळून पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आपल्या जवळचे उदाहरणही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकन मिळाले, आणि संगणकासाठी तो जीओजीवरही ठेवला गेला. भारतीय कथाविश्वावर पुण्यात बेतलेला खेळ विकत घेऊन कायमचा आपल्या संग्रही ठेवता येतो, ही सोय आज प्रत्यक्षात आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इंद्रायणीच्या संशोधकांना सरकार पगार देत होते. खेळ करणाऱ्या चमूला कोण देतो? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. ज्याच्या पोटाला सरकारी आधार नाही, त्याला विक्रीतूनच जगायचे असते. पण म्हणूनच फक्त सरकारी केंद्राचे नव्हे, तर खासगी पैदासकाराला हक्क देणाऱ्या कायद्याचे आणि खासगी खेळविक्रेत्याचे उदाहरण घ्यावे लागते. मावळात याला जोड देणारा आणखी एक जुना धंदा आहे : लोणावळ्याची चिक्की. भोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि पुढे या थांब्यावर गूळ-शेंगदाण्याच्या वडीचा व्यापार उभा राहिला. गूळ, शेंगदाणे आणि पाकाची पारख यांत लपवण्यासारखे काही नाही. कृती कोणाच्याही स्वयंपाकघरात होते आणि दुकानामागे दुकान तीच वडी विकते. म्हणून धंदा बुडाला नाही, वाढला. कायदा तिथे राखतो ते दुकानाचे नाव, म्हणजे व्यापारचिन्ह. ग्राहकाचे खरे नुकसान दुसऱ्याचे नाव लावून माल खपवण्याने होते. भाताच्या बाजारातही हेच दिसते. भलताच तांदूळ आंबेमोहर म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा शेतकरी आणि खाणारा दोघेही फसतात. निर्मात्याला हवे असलेले संरक्षण नावाचे, शुद्धतेचे आणि व्यापारी विक्रीच्या हक्काचे आहे. विकत घेणाऱ्याच्या घरात पहारा बसवण्याची त्याला गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक कसदार आहे. बियाण्याची नक्कल व्हायला एक हंगाम लागतो, जमीन लागते, घाम लागतो. खेळाची नक्कल क्षणात होते, अचूक होते आणि जगभर जाते. हा फरक मान्य केलाच पाहिजे. आणखी एक पुरावा कुलूपवाल्यांच्या बाजूने आहे. डेनुवो या प्रचलित कुलपाचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की खेळ बाजारात येताच कुलूप तुटले तर उत्पन्नात सरासरी सुमारे २० टक्के घट होते. म्हणजे कुलूप निव्वळ निरर्थक आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की साधारण बारा आठवड्यांनंतर कुलूप तुटले तर फरक जवळजवळ पडतच नाही. मग तेराव्या आठवड्यापासून पुढची अनेक वर्षे ते कुलूप कोणासाठी असते? निर्मात्याला त्याचा लाभ नाही आणि ग्राहकाला जाच मात्र कायमचा. पीक वाण कायद्याने संरक्षणाला मुदत घातली, पेटंटला मुदत असते, स्वामित्वहक्कालाही असते. फक्त यंत्रात बसवलेल्या कुलपाला मुदत नसते. पहिल्या विक्रीच्या काळापुरते कुलूप मान्य करावे लागले तरी, ठरलेल्या दिवशी ते निर्मात्याने स्वतः काढून बिनकुलपाची प्रत आधीच्या ग्राहकांना द्यावी, ही मागणी पूर्ण न्याय्य आहे.

कायद्याच्या बाजूने येणारा आक्षेपही पाहू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बोमन विरुद्ध मोन्सँटो या खटल्यात एकमताने सांगितले की पेटंट घेतलेल्या सोयाबीनचा दाणा विकत घेतला म्हणून त्याच्यापासून नवे दाणे तयार करण्याचा हक्क मिळत नाही. विक्रीने त्या एका दाण्यावरचा हक्क संपतो, पुढच्या पिढीवरचा नाही. तर्क म्हणून हे सुसंगत आहे. पण भारताने शेतकऱ्यासाठी जाणूनबुजून वेगळा तर्क स्वीकारला. आणि खेळाच्या ग्राहकाची मागणी तर बोमनच्या मागणीपेक्षा पुष्कळ लहान आहे. त्याला हजार प्रती करून विकायच्या नाहीत. घेतलेली एक प्रत जपायची आहे, यंत्र बदलले तरी चालवायची आहे. आपला स्वामित्वहक्क कायदा हेच मान्य करतो. १९५७ च्या या कायद्याच्या कलम ५२ नुसार संगणक प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुकानातून विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी ‘माल’ आहे असे ठरवले. कर घेताना तो माल, तर वापरताना तो माल का नसावा? २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडण्याला शिक्षा ठरवली तीही हक्कभंगाचा हेतू असेल तर. पण हक्क असून उपयोग होत नाही, कारण कुलूपबंद प्रतीची राखीव प्रत करून चालतच नाही. शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा हक्क द्यायचा आणि बियाणे मात्र वांझ विकू द्यायचे, असे झाले असते तर कलम ३९ ला काय किंमत राहिली असती? म्हणूनच तिथे कलम २९ लागले. खेळांच्या बाबतीत पहिले कलम आहे, दुसरे नाही.

शेवटचा आक्षेप असा की भात हे अन्न आहे आणि खेळ ही करमणूक. दोन्ही एका तराजूत कशाला? गरजेच्या दृष्टीने ते सारखे नाहीतच. पण टिकण्याच्या दृष्टीने त्यांचे नशीब सारखे आहे. आंबेमोहराचे क्षेत्र इंद्रायणीपुढे आक्रसले, तरी तो नाहीसा झाला नाही, कारण काही घरांनी तो राखला आणि दिला-घेतला. अनेकांकडे प्रती असणे हेच कोणत्याही वारशाचे खरे कोठार असते. खेळांचे काय होते आहे? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. एका पिढीने ज्यावर आपले बालपण घातले, ज्यात चित्रकार, संगीतकार, लेखक आणि प्रणालीकार यांची वर्षे गेली, ते काम असे पुसले जाणे ही क्षुल्लक बाब नाही. पुण्यात, मुंबईत आज मराठी तरुण जे खेळ घडवत आहेत ते तीस वर्षांनी कोणाला पाहायला मिळावेत असे वाटत असेल, तर ते लोकांच्या ताब्यात राहिले पाहिजेत. कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात, त्यांचा रस बदलतो. ग्राहकांच्या घरातल्या हजारो प्रती एकाच वेळी नष्ट होत नाहीत.

म्हणून मागणी तीन ठिकाणी आहे. घेणाऱ्याने, शक्य तेव्हा, बिनकुलपाची प्रत पैसे देऊन घ्यावी आणि तिची नक्कल वाटू नये. ही मोकळीक टिकते ती फक्त प्रामाणिकपणावर, आणि प्रत्येक चोरून घेतलेली प्रत कुलूपवाल्यांच्या हाती एक कारण देते. घडवणाऱ्याने विश्वास टाकावा, आणि पुढच्या खरेदीसाठी दुरुस्त्या, नवे भाग, चांगले भाषांतर, वाजवी भाव अशी काही कारणे निर्माण करावीत, जशी शुद्ध बियाण्याची पिशवी दर तीन वर्षांनी करते. आणि कायद्याने स्वामित्वहक्काच्या कलम ५२ ला त्याचे हरवलेले जोडकलम द्यावे : पूर्ण किंमत घेऊन विकलेला खेळ, विक्रेत्याने सेवा बंद केल्यावर, ग्राहकाला स्वतंत्रपणे चालवता आलाच पाहिजे. हा विचार परका नाही आणि नवाही नाही. भारताने २००१ मध्ये बियाण्यासाठी तो लिहून ठेवला आहे, आणि त्यामुळे ना पैदासकारांचा व्यवसाय बुडाला ना शेतकऱ्याचा हक्क. जो न्याय अन्नाच्या बाबतीत चालून दाखवला, तो खेळाच्या बाबतीत अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी आता कारण द्यायला हवे.